उरल्यासुरल्याची बाटली

प्रयोगशाळेला एक खिडकी होती, पण ती उघडत नसे. आतल्या हवेचा ओढा बिघडतो म्हणून देखभालवाल्यांनी तिच्या चौकटीत चार स्क्रू पिळले होते आणि त्यांवर पुढे रंगाचे तीन हात बसले होते. काचेतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे आणि भिंतीवरून खाली उतरणारा एक पाइप. बाईंनी तो पाइप अकरा वर्षं पाहिला होता. त्याच्या कुठल्या सांध्याला गंज लागलाय आणि कुठला सांधा मध्येच कधीतरी बदललाय, हे त्यांना पाठ होतं.

बाई बावन्न वर्षांच्या होत्या आणि या औषधांच्या कारखान्यात रसायनं बनवायच्या. कारखान्यात त्यांची एकच ओळख होती. ते अवघड वलय फक्त बाईंच्या हातून जमतं.

वलय म्हणजे काय, ते बाई रविवारी आपल्या इमारतीतल्या मुलांना शिकवत, तसंच सांगितलेलं बरं. सहा मुलांनी हात धरून गोल केला की झालं वलय. सगळ्यांच्या डोक्यावर काळी टोपी असली तर सगळे कार्बन. पण त्यांतल्या दोघांनी निळी टोपी घातली, म्हणजे दोन जागी कार्बन उठून नायट्रोजन बसला, की त्याला म्हणायचं विषमचक्रीय संयुग.

"टोपी बदलली म्हणून काय झालं?" एका मुलाने विचारलं होतं.

"काय झालं? अरे, सगळंच झालं. चहाने तरतरी येते ती अशाच टोपीबदलू वलयांमुळे. पानाचा हिरवा रंग आणि तुझ्या गुडघ्यातून परवा आलं ते लाल रक्त, दोन्हींत अशी चार-चार वलयं एकमेकांना धरून बसलेली असतात. आणि तुझे आजोबा रोज सकाळी गोळी घेतात ना, तिच्यातही बहुधा एखादं असेल."

बाईंच्या कारखान्यातलं वलयही रक्तदाबाच्या एका गोळीसाठीच होतं. गोळी दुसरीकडे बनायची, तिच्या पायातला पहिला दगड इथे घडायचा. कृती ऐकायला अगदी सोपी. एक पांढरी पूड, तिच्यात दोन्ही नायट्रोजन आधीच असतात. दुसरं अल्डिहाइड, कडू बदामाच्या वासाचा तेलकट द्रव. दोन्ही अल्कोहोलमध्ये मिसळून कोमट ठेवायचं आणि ढवळत राहायचं. आधी दोघांची एका बाजूने गाठ पडते आणि चंबूत पिवळा रंग येतो. पण ही नुसती साखळी झाली. मग साखळीचं मोकळं टोक वळतं, स्वतःलाच येऊन चिकटतं, वलय बंद होतं आणि पांढरे स्फटिक बुडाशी बसू लागतात.

बाईंच्या चंबूत ते बसत. इतरांच्या चंबूत पिवळा रंग यायचा आणि तिथेच थांबायचा. दिवसभर ढवळा, रात्रभर ठेवा, शेवटी हाती लागायचा पिवळा चिकटा. आधी दोघांनी शिकून पाहिलं होतं. पहिला दोन महिन्यांत विक्री विभागात पळाला. दुसरी मुलगी मोठी हुशार होती. आठव्यांदा पिवळा चिकटा पाहिल्यावर ती रडली, बाईंनी तिला पाणी दिलं आणि नवव्या वेळेस ती आलीच नाही.

"हातगुण आहे तुमचा," साहेब म्हणायचे. पहिल्यांदा ते म्हणाले तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. अकरा वर्षांनी तोच शब्द त्यांना दाराच्या कडीसारखा वाजायचा. त्यांची बदली होत नव्हती. सलग आठ दिवसांची रजा मिळत नव्हती. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला होता, "बाई, खेप अडलीय हो."

त्या सोमवारी बाई साहेबांच्या खोलीत एक कागद घेऊन गेल्या. दोन बस बदलून पोहोचावं लागे अशा एका शाळेने त्यांना विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. एकच अट होती. जुन्या नोकरीचं कार्यमुक्तीचं पत्र शनिवारपर्यंत हवं, नाहीतर मुख्याध्यापिका यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार. पुढच्या वर्षी बाईंचं वय शाळेच्या नियमात बसणार नव्हतं. म्हणजे हा शनिवार गेला की शाळा कायमची गेली.

साहेबांनी कागद वाचला, उलटा ठेवला.

"तुम्ही गेलात तर वलय गेलं. वलय गेलं तर गिऱ्हाईक गेलं. मी काय करू, सांगा."

"मी पद्धत लिहून दिलीय, साहेब. अकरा पानं आहेत."

"पद्धत कागदावर येते हो. हातगुण येतो का?"

"मग मी इथेच मरायचं का?"

बाई असं कधी बोलत नसत. साहेब जरा चपापले. मग पेनाचं टोपण काढत, लावत म्हणाले, "रंगविभाग बंद झाला, तिथला तो माणूस रिकामा आहे, नाहीतर पॅकिंगला जाईल. त्याच्या हातून लागोपाठ तीन खेपा करून दाखवा. त्याच दिवशी पत्र देतो. शब्द आहे माझा. पण तीन म्हणजे तीन."

तो माणूस, रंगवाला, पंचेचाळिशीचा होता. वीस वर्षं कापडाचे रंग उकळून त्याच्या नखांच्या कडा निळ्या राहिल्या होत्या. मंगळवारी सकाळी तो दारातच थांबला आणि म्हणाला, "रिंगमास्तरीणबाई, आत येऊ का? सिंह बांधलेला आहे ना?"

बाईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं होतं.

माणूस बोलका असला तरी हाताने नीट होता. तोलून मापून करायचा, सांडायचा नाही, घाई करायचा नाही. बाईंनी त्याच्यासाठी स्टोअरमधून अल्डिहाइडची नवी सीलबंद बाटली आणवली, पांढऱ्या पुडीचा नवा डबा फोडला, चंबू स्वतः घासून वाळवून दिला. दुपारी तीन वाजता दोघं चंबूसमोर उभे राहिले. चंबू पिवळा होता. पाच वाजताही पिवळाच होता.

"कावीळ झालीय त्याला," रंगवाला म्हणाला. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढचा विनोद त्याने गिळला.

बुधवारी बाईंनी ठरवलं, तसूभरही फरक ठेवायचा नाही. त्याला त्यांनी आपला चंबू दिला. चंबूत फिरणारं आपलं जुनं चुंबक दिलं, आपला टवका उडालेला चमचा दिला. शेवटी आपला एप्रनही दिला.

"बाई, बटण लागत नाही पोटावर."

"श्वास ओढून घ्या."

"तीन वाजेपर्यंत?"

मूल पाटीवर गिरवताना धरावा तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि थेंब-थेंब अल्डिहाइड सोडायला लावलं. सगळं तेच, जागा तीच, त्या खिडकीतला पाइपही तोच. चंबू पिवळा झाला आणि पिवळाच राहिला.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा ताईने, त्यांच्या थोरल्या बहिणीने, नुसतं तोंडाकडे पाहून ओळखलं. दोघी बहिणी एकत्र राहत. ताईची जीभ सुरीसारखी होती आणि प्रेम करायची तिची रीतही तीच होती.

"नाही जमलं ना? नाही जमणार. तुलाच जमू द्यायचं नाहीये."

"काहीतरीच काय, ताई!"

"मग काय? अकरा वर्षं ऐकतेय, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाला आपल्या आवाजाचं कौतुक ऐकायची सवय होते ना, तसं झालंय तुझं. दार उघडलं तरी तू आतच बसशील."

बाई पानावर बसल्या, उठल्या, गच्चीत गेल्या. ताई म्हणाली ते खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना खरंच बरं वाटलं होतं का, रंगवाल्याचा चंबू पिवळा राहिला तेव्हा? त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं आणि उत्तर आलं, थोडंसं. चिमूटभर.

गच्चीच्या कठड्याला टेकून त्या परवाच्या रविवारचा विचार करू लागल्या. मुलांनी गोल केला होता. पाच गाठी झाल्या, सहावी होईना. टोकाला नेमके भांडलेले बहीणभाऊ आले होते, दोघांनी हात पाठीमागे घेतले होते. तेव्हा बाजूला बिस्कीट खात बसलेली एक मुलगी उठली, सगळ्यांत लहान, तिला सगळे चिमणीच म्हणत. तिने दोघांना पाठीत एकेक धक्का दिला, हात हातात पडले, गोल पुरा झाला आणि चिमणी परत बिस्किटाकडे गेली.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या होत्या. "ही गोलात शिरली का? नाही. पण हिच्यावाचून गोल झाला असता का? नाही. अशाला म्हणतात उत्प्रेरक."

"म्हणजे मला गोलात घेणारच नाही?" चिमणीने भोकाड पसरलं होतं.

ते आठवून बाई हसल्या आणि मग थबकल्या. रंगवाल्याच्या चंबूत साखळी होते, वलय होत नाही. माझ्या चंबूत होतं. म्हणजे माझ्या चंबूत कुणीतरी धक्का देतंय. पण मी तर काही घालत नाही. पूड, अल्डिहाइड, अल्कोहोल. तिथे चौथं कुणी नाही.

गुरुवारी सकाळी रंगवाल्याने तिसरा चंबू लावला. अर्थात नव्या बाटलीतून. अकरा वाजले, बारा वाजले. पिवळा. आता उद्याचा आणि परवाचा अर्धा दिवस उरला होता, आणि हव्या होत्या लागोपाठ तीन खेपा. बाई स्टुलावर बसून पाइप पाहत होत्या. या जागेवरून निवृत्तीपर्यंत हाच पाइप दिसणार, हे त्यांना आता जवळजवळ ठाऊक झालं होतं, आणि ते ठाऊक होणं छातीवर कुणी पाय ठेवून उभं राहिल्यासारखं होतं.

फडकं शोधायला म्हणून रंगवाल्याने ओट्याखालचं कपाट उघडलं.

"हे काय लपवून ठेवलंय, बाई? अत्तर?"

त्याच्या हातात एक जाड तपकिरी बाटली होती. बाई कानकोंड्या झाल्या.

"ठेवा ते आत. शिळं आहे."

"म्हणजे?"

"अल्डिहाइडच. बाटलीत थोडं थोडं उरतं ना, ते मी त्यात ओतून ठेवते. नियम टाकून द्यायचा आहे. पण टाकवत नाही हो मला. आमच्या घरी टाकणं म्हणजे पाप."

"आणि मग त्याचं करता काय?"

"मी वापरते. माझ्या खेपेला आधी हे घेते, कमी पडेल तेवढं नव्या बाटलीतलं. मग नवीतलं उरतं ते परत यात."

"आणि मला मात्र रोज कोरी बाटली?"

"शिकणाऱ्याला चांगलं द्यावं. शिळं आपण घ्यावं."

रंगवाला मोठ्याने हसला. "अगदी माझी आई! आम्हाला ताजं, गरम, आणि स्वतः कालचं. गंमत बघा, आम्ही पाचही भावंडं तेव्हा काड्यापेटीतल्या काड्या, आणि आई धडधाकट. आम्ही म्हणायचो, त्या शिळ्यातच काहीतरी असलं पाहिजे. चला, मी चहा घेऊन येतो. तुम्हाला आणू?"

बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाच कळलं नाही. तो गेला. दार आपोआप बंद झालं.

त्यांनी बाटली उचलली. बूच घट्ट बसलं होतं. बुचाभोवती, बाटलीच्या गळ्याला, पांढरी खर जमली होती, मिठागराच्या काठाला जमते तशी. ती खर त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती आणि दर वेळी, शिळेपणाची खूण म्हणून, थोडी लाजून फडक्याने पुसली होती.

अल्डिहाइड उघड्या हवेत राहिलं की हळूहळू त्याचं आम्ल होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. साधं, पांढरं, सौम्य आम्ल. सरबत टिकावं म्हणून त्याचंच मीठ घालतात. आणि आम्ल म्हणजे धक्का देणारी चिमणी. साखळीची दोन टोकं लाजत उभी असली की पाठीत धक्का द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अकरा वर्षांचा वळसा.

बाईंनी टवका उडालेल्या चमच्याने गळ्यावरची खर खरवडली. जेमतेम चिमूटभर झाली. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ती रंगवाल्याच्या पिवळ्या चंबूत टाकली.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग पिवळा रंग किंचित धुरकट झाला. मग चुंबकाच्या भोवऱ्यात एक पांढरा ठिपका फिरताना दिसला, मग दहा, आणि बघता बघता बर्फ पडावा तसा सगळा चंबू पांढरा होऊन गेला.

चहाचे दोन पेले घेऊन रंगवाला आत आला आणि दारातच खिळला. एका पेल्यातला चहा त्याच्या बुटावर सांडला.

"बाई! बाई, पांढरं झालं!"

"झालं," बाई म्हणाल्या.

"माझ्या हातून झालं!"

त्याने पेले कुठे ठेवले ते त्यालाच कळलं नाही. त्याने खिशातून फोन काढून बायकोला लावला. "अगं, जमलं! हो, हो, माझ्याच हातून. नाही, बाईंनी हातसुद्धा लावला नाही, त्या बसल्या होत्या. बाबांना सांग. आता मला कुणी पॅकिंगला पाठवत नाही."

बाई ऐकत होत्या. त्यांना खोटं बोलावं लागणारच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आणखी दोन खेपा, आणखी दोन चिमटी, तो पाठ वळवून उभा असताना. शनिवारी पत्र. आणि खरं सांगितलं तर? नियमाने नवी बाटलीच वापरायची होती आणि नोंदवहीत त्यांनी अकरा वर्षं नव्या बाटलीचाच क्रमांक लिहिला होता. प्रत्येक खेप तपासून, द्रवणांक बघून, पास होऊनच बाहेर गेली होती, कुणाचं वाईट झालं नव्हतं. पण वहीत एक आणि चंबूत दुसरं. साहेब पत्र द्यायच्या ऐवजी चौकशी लावू शकत होते. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीच्या काठावर हा माणूस आनंदाने नाचतोय.

फोन ठेवल्यावर रंगवाला नाचायचा थांबला. त्याने आपले दोन्ही पंजे पालथे करून पाहिले, मग उलटे करून पाहिले.

"बाई, उद्या जमेल ना?"

"का?"

"नाही, म्हणजे... मी वेगळं काय केलं तेच मला कळलं नाही. न कळता जमलेलं परत कसं जमवायचं? आणि परवा तुम्ही गेल्यावर?" तो उगाच हसला. मग त्याने कॉलर सैल केली, खिडकीशी गेला, चौकटीवर बोट फिरवलं. "ही उघडत नाही का हो?"

अकरा वर्षांपूर्वी, आपल्या पहिल्या दिवशी, बाईंनी देखभालवाल्याला याच शब्दांत हे विचारलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. खर, आम्ल, चिमणी, चिमूट. "तुम्ही घरी दही लावता ना? कालचं चमचाभर विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही. मी अकरा वर्षं विरजण घालत होते आणि मला वाटत होतं, माझ्या हाताने लागतंय. तुम्हाला मात्र दर वेळी नुसतं ताजं दूध देत होते. तुमचं चांगलं व्हावं म्हणून."

 रंगवाल्याचा चेहरा, नुकतीच मिळालेली वस्तू परत मागितल्यावर मुलाचा होतो, तसा झाला होता.

"म्हणजे मी नाहीच केलं."

"नाही."

"आणि मी बायकोला सांगून बसलो."

"मी सगळ्या जगाला सांगून बसलेय," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं."

मग तो हसला, आधी नाकातून, मग पोटातून. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना कळलं की डोळे पुसायला हवेत.

शुक्रवारी सकाळी त्या नोंदवही आणि बाटली दोन्ही घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. काही न लपवता सांगितलं. साहेबांनी वहीची पानं उलटली, एक, दोन, वीस, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे हे सगळे क्रमांक खोटे?"

"अर्धे खरे. नवी बाटली उघडत होते, थोडी वापरत होते."

"अर्धे खरे! बाई, मी गिऱ्हाइकाला काय सांगू? आमच्या बाई फार काटकसरी आहेत?"

 ते रास्तच होतं.

"आणि हातगुण?"

"नव्हता, साहेब. शिळं होतं."

साहेबांनी वही मिटली. आपण इतकी वर्षं ज्याला कुलूप लावून बसलो ते नुसतं एका बाटलीचं बूच होतं, हे त्यांच्याही डोक्यात उतरत असावं. "आधी सिद्ध करून दाखवा," ते एवढंच म्हणाले.

रंगवाल्याने शुक्रवारी दोन खेपा केल्या. नवी सीलबंद बाटली, आणि स्टोअरमधून आणलेल्या स्वच्छ आम्लाची, काट्यावर तोललेली चिमूट. बाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या, आत यायची त्यांना मनाई होती. दोन्ही चंबू पांढरे झाले. शनिवारी सकाळी तिसऱ्या खेपेला साहेब स्वतः आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "सरका, मी करतो." वीस वर्षांत त्यांनी चंबूला हात लावला नव्हता. त्यांनी पूड सांडली, अल्डिहाइड एकदम ओतलं, चुंबक टाकायला विसरले आणि मग चिमट्याने आत सोडलं. अकराला चंबू पांढराशुभ्र झाला.

रंगवाला दाराबाहेर येऊन कुजबुजला, "साहेबांच्या हातून जमलं, बाई. आता हे कुणाच्याही हातून जमेल."

शब्द दिला होता, म्हणून साहेबांनी पत्र दिलं. पण खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: "कच्च्या मालाच्या नोंदी नियमाप्रमाणे ठेवल्या नाहीत."

बाईंनी ती ओळ जिन्यात उभं राहून वाचली. पत्र हातात होतं आणि दार तरीही पुरतं उघडलं नव्हतं. हे पत्र नुसतं शाळेत नेऊन ठेवायचं आणि मुख्याध्यापिकांच्या नजरेतून ओळ सुटेल अशी आशा करत बसायचं? बाईंना आशा करत बसण्याचा कंटाळा आला होता. त्यांनी तिथूनच शाळेत फोन लावला आणि पत्र शब्दाशब्दाने वाचून दाखवलं, खालच्या ओळीसकट.

पलीकडे कुठेतरी एक बाक सरकल्याचा आवाज.

"नेमकं काय केलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"उरलेलं टाकून दिलं नाही. वापरलं. आणि वहीत नवीनच लिहिलं."

"वहीत खोटं लिहायचं नाही, बाई. मुलं बघतात."

"नाही लिहिणार."

"बाकीचं म्हणाल, तर आमच्या प्रयोगशाळेत नवी बाटली शेवटची कधी आली ते मलाच आठवत नाही. सगळं उरलेलंच आहे. सोमवारी साडेनवाला या."

 बाईंनी विचारलं, "वर्गात मुलं किती आहेत?"

"एक्केचाळीस. का?"

"काही नाही, सहज."

जिना उतरताना त्या मनात मांडत गेल्या. सहा-सहाचे सहा गोल. पाच मुलं उरतील. फाटकाशी पोहोचेपर्यंत त्या पाचांना काय काम द्यायचं ते त्यांचं ठरून गेलं होतं.